गव्हाच्या काडाची पूर्वप्रक्रिया

सातवी काडी विझली, तरी कुणी काही बोलेना.

परसात शेगडीभोवती आम्ही पाच जण उभे होतो आणि पाचही जण तिच्याकडे असे पाहत होतो, जणू सगळा अपराध तिचाच आहे. शांततेचे अनेक प्रकार असतात. रिकाम्या रस्त्यावरची शांतता वेगळी, कविता वाचून संपल्यानंतरची वेगळी, आणि आगपेटी अर्धी रिती झाल्यावर शेजाऱ्यांनी निव्वळ सौजन्यापोटी पाळलेली शांतता वेगळी. ही शेवटची सर्वांत वाईट. तिला धार असते, आणि ती कुणावर चालणार आहे हे सर्वांना ठाऊक असते.

समोरच्या वहिनींनी नाकावरचा रुमाल किंचित बाजूला करून श्वास घेतला आणि लगेच पश्चात्ताप झाल्यासारखा तो परत जागेवर ठेवला. माझा मेहुणा, ज्याच्या शेतावरून हे सारे काड आले होते, तो आपल्या टेम्पोच्या किल्लीने कान कोरू लागला. शेजारचे फोरमन जैववायूच्या टाकीच्या घुमटाला कान लावून उभे होते. गिरणीच्या बॉयलरवरून ते निवृत्त झाले होते. अधिकारावरून झाले नव्हते.

"काही ऐकू येतंय का?" मी विचारले.

"येतंय," डोळे मिटूनच ते म्हणाले. "गॅस आहे आत. पण बाहेर यायचं त्याच्या मनात नाही."

माझ्या बायकोने चहासाठी आणलेल्या पातेल्यातले पाणी शांतपणे तुळशीच्या बुंध्याशी ओतले, पातेले काखोटीला मारले आणि माझ्याकडे न बघता विचारले, "अहो, शेड कधी रिकामी करताय?"

येथे वाचकांपाशी एक खुलासा करणे प्राप्त आहे. ती शेड तिची होती. माझी बायको पुस्तकबांधणी करते. अकरा वर्षे तिने एका छापखान्याच्या नावाखाली विद्यार्थ्यांचे प्रबंध आणि दुकानदारांच्या वह्या बांधल्या. यंदा प्रथमच नगरपालिकेच्या अभिलेख कक्षाने जन्ममृत्यूची बासष्ट जुनी रजिस्टरे नव्याने बांधण्याचे काम दिले, आणि कामाच्या आदेशावर छापखान्याचे नव्हे, तिचे स्वतःचे नाव होते. तो कागद तिने कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. कपाट उघडण्याचे प्रमाण त्यानंतर घरात लक्षणीय वाढले. काम नीट झाले, तर तिचे नाव कायमच्या यादीत जाणार होते. कामासाठी कोरडी जागा हवी, म्हणून परसातली शेड तिला द्यायचे ठरले होते. मी ती फक्त एक महिन्यासाठी मागून घेतली होती. त्याला आता सहा आठवडे झाले होते, आणि माझी बायको जेवणाच्या टेबलावर शहराचे जन्म शिवत होती व आम्ही मांडीवर ताटे घेऊन जेवत होतो.

मी एका शेतकी मासिकात मुद्रितशोधक आहे. साहित्याची पदवी घेतलेल्या माणसाचे पुढे काय होते, या प्रश्नाचे ते एक उत्तर आहे. तेथे माझ्या हाती 'पिकांच्या अवशेषांवरील पूर्वप्रक्रिया व जैववायूची निर्मिती' हा लेख आला. तो मी तीन वेळा वाचला, त्यातले एकेचाळीस स्वल्पविराम हलवले, आणि तिसऱ्या वाचनाअखेरीस मला असे वाटू लागले, की हा विषय मला कळला आहे. आमच्या धंद्यातला हा सर्वांत मोठा धोका आहे. वाक्य निर्दोष झाले, की त्यातली गोष्टही आपल्या हातून होईल असा भास होतो.

लेखाचा आशय मात्र खरोखर सुंदर होता. काडात ऊर्जा असते. पण तिच्याभोवती एका चिवट द्रव्याची तटबंदी असते, आणि वायू तयार करणारे बिचारे जिवाणू त्या तटाबाहेर उपाशी ताटकळत उभे राहतात. काड आधी बारीक करा, चुन्यात भिजवा, वाफ द्या किंवा बुरशीकडून पोखरून घ्या; तट ढासळतो आणि दुप्पट वायू मिळतो. मला त्या काडात माझ्याच आयुष्याचा काही अंश दिसला. मीही आत काहीतरी असलेला माणूस आहे, आणि माझ्यावर आजवर कुणी पूर्वप्रक्रिया केलेली नाही.

परसात टाकी होतीच. आधीच्या घरमालकाने बांधलेली. मेहुण्याने एक टेम्पो शेण आणि दोन टेम्पो गव्हाचे काड आणून टाकले. "दाजी, आम्ही हे शेतातच सोडून देतो," तो म्हणाला. "कुणी मागायला येईल असं वाटलं नव्हतं." त्याच्या आवाजात आदर होता की दया, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

पहिल्या आठवड्यात मी काड नुसतेच तोडून टाकले. पूर्वप्रक्रियेशिवाय काय होते, ते आधी पाहावे, अशी माझी शास्त्रीय भूमिका होती. काड तरंगले. त्याची वर अशी जाड साय धरली, की फोरमनांनी तिच्यावर वीट ठेवून दाखवली. वीट बुडाली नाही. "हे काड नाही," ते म्हणाले, "ही सतरंजी आहे." ती सतरंजी कुदळीने फोडताना माझा एक बूट आत गेला. तो अजून आतच आहे. जिवाणूंनी त्याचे काय केले, याविषयी लेखात माहिती नव्हती.

मग चुना. लेखात प्रमाण दिले होते. पण चुना जितका जास्त तितके काड मऊ, असा सरळ विचार करून मी ते प्रमाण थोडे सढळ केले. पाण्याचे मोठे पिंप न्हाणीघरातच होते, म्हणून काड तिथे भिजत घातले. चार दिवस आम्ही कुटुंबीयांनी स्वयंपाकघरातल्या मोरीत तोंडे धुतली. पाचव्या दिवशी काड खरोखर लोण्यासारखे मऊ झाले. माझ्या हातांचीही तीच अवस्था झाली होती, पण विज्ञानासाठी माणसाला काहीतरी सोसावेच लागते. आनंदाच्या भरात ते धुवायचे विसरून मी सगळेच्या सगळे टाकीत ढकलले. दुसऱ्या दिवशी टाकीतली बारीकसारीक खदखद बंद पडली. तिसऱ्या दिवशी घुमट बसला. चौथ्या दिवशी मी लिटमसचा कागद बुडवला, तो निळाशार झाला.

"मेले," फोरमन म्हणाले आणि त्यांनी चक्क टोपी काढली. "अहो, दुसऱ्याला चुना लावतानासुद्धा माणसं बेताने लावतात. आणि हे तर तुमच्या भरवशावर आत राहत होते."

मेहुण्याने शेणाचा दुसरा टेम्पो आणला. या वेळी तो दाजी म्हणाला नाही. नुसता "घ्या" म्हणाला.

समोरच्या वहिनी रोज सकाळी गच्चीवरून विचारत, "भाऊजी, आज कुठला वास?" प्रारंभी मी त्यांना तपशीलवार उत्तरे देत असे. नंतर माझ्या लक्षात आले, की हा प्रश्न नव्हता.

वाफेची सूचना फोरमनांची. बॉयलरवरच्या माणसाला जगातल्या सर्व अडचणींवर एकच उपाय दिसतो, आणि तो उपाय शिटी वाजवतो. "वाफेशिवाय जगात काही मऊ होत नाही," ते म्हणाले. "माणूससुद्धा. तुम्ही कोंडा आणि एकदम सोडा. काड उलून येईल कापसासारखं." आमच्याकडे बॉयलर नव्हता. घरातला मोठा कुकर होता. बायको दोरा आणायला बाजारात गेली होती. यापुढील घटनांचा क्रम मला ठळकपणे आठवत नाही. कुकरची शिटी काडाने बुजली, फोरमन म्हणाले "थांबा, अजून दाब येऊ द्या," आणि मग एक आवाज झाला, ज्याचे वर्णन करण्यास माझ्यापाशी असलेली सारी आधुनिक कविता अपुरी आहे. स्वयंपाकघराच्या छतावर हिरवट तपकिरी रंगाचा एक खंड उमटला. बेटांसकट.

"एकतीस वर्षांत माझ्या हातून असं एकदाही झालं नाही," फोरमन म्हणाले. ते हे ओट्याखालून म्हणाले.

बायको परत आली. तिने छताकडे पाहिले, कुकरकडे पाहिले, ओट्याखाली पाहिले. "काका, चहा घेणार?" तिने विचारले. माझ्याशी ती त्या दिवशी बोलली नाही. पण त्या दिवसापासून ती काम करताना कात्री जरा जास्त जोराने मिटू लागली.

आणि बुरशी. बुरशीचा प्रयोग मी केला नाही. तो आपोआप झाला. उरलेले काड शेडमध्ये ओलेच पडून होते. एका सकाळी दार उघडले, तर त्याच्यावर पांढरी, मऊ, तलम लव उगवलेली. मी भारावून गेलो. लेखात शेवटच्या परिच्छेदात म्हटले होते, की ही जात मिळाली तर भाग्य समजावे. ते भाग्य पुढे शेडमधून भिंतीला, भिंतीवरून खिडकीला, आणि खिडकीतून आत जेवणाच्या टेबलाशेजारी गुंडाळून ठेवलेल्या बांधणीच्या कापडाला लागले. बायकोने ते तागे उन्हात टाकले, घासले, आणि शेवटी दोन तागे मुकाट्याने फेकून दिले.

वर सांगितलेली ती सातवी काडी यानंतरची. त्या दिवशी शेगडी पेटली नाही आणि शेड मी रिकामी केली नाही. उद्या करतो म्हणालो. माणसाच्या साऱ्या पराभवांची नावे उद्यापासून सुरू होतात.

उद्या आला तो नगरपालिकेचा आरोग्य निरीक्षक घेऊन. कुणी तक्रार केली, हे त्याने सांगितले नाही. पण बोलताना त्याची नजर दोनदा समोरच्या गच्चीवर गेली, आणि गच्चीवरचे वाळत घातलेले कपडे दोनदा हलले. तरुण माणूस होता. थकलेला. त्याच्याकडे एक छापील तक्ता होता, आणि माझी टाकी त्या तक्त्यात कुठे बसत नव्हती.

"सांडपाणी म्हणता येईल का याला?"

"सांडपाणी?" मी दुखावलो. "ही जैववायूची टाकी आहे."

"गोबरगॅस."

"जैववायू. मुख्य घटक काड आहे."

"कारखाना लिहू?"

"घरगुती आहे."

त्याने कपाळ पुसले. "मग पाळीव जनावरांत घालावं लागेल. जनावरं किती?"

"जनावरं नाहीत. जिवाणू आहेत."

"पाळलेत का?"

प्रामाणिक माणसाने याला काय उत्तर द्यावे? "पाळलेच म्हणायचे," मी म्हणालो.

"संख्या?"

"अब्जावधी असतील."

त्याने पेनच्या टोकाने तो रकाना मोजून पाहिला. "दोन आकड्यांचीच जागा आहे," तो म्हणाला आणि त्याने ९९ लिहिले. "लसीकरण?"

"नाही."

त्याने 'प्रलंबित' असे लिहिले, खाली माझी सही घेतली, आणि सर्व येथेच संपले असते. पण त्याने पाणी मागितले, आणि ते पिण्यासाठी तो आत येऊन जेवणाच्या टेबलाशी थांबला. टेबलावर रजिस्टरे होती. त्याने पेला ठेवला. एका रजिस्टरावरच्या गोल शिक्क्याकडे पाहिले. मग शेजारच्या कापडावर बोट फिरवून ते बोट उजेडात धरले.

"ही तर आमच्या कार्यालयाची रजिस्टरं. आणि ही बुरशी कुणाची?"

"ती माझी आहे," मी म्हणालो. स्वाभिमानाने म्हणालो, हे मला कबूल केले पाहिजे.

तीन दिवसांनी अभिलेख कक्षाचे पत्र आले. अभिलेखपाल स्वतः येत्या गुरुवारी अकरा वाजता येऊन सर्व बासष्ट रजिस्टरे तपासून ताब्यात घेतील. एकावरही बुरशी आढळल्यास काम काढून घेण्यात येईल व बांधणीकारांच्या यादीसाठी नावाचा विचार होणार नाही. बायकोने ते उभ्यानेच दोनदा वाचले. मग कपाट उघडून दारावरचा आदेश वाचला. मग कपाट बंद केले.

"एकोणीस बाकी आहेत," ती म्हणाली. "सहा दिवस."

"होईल गं."

"होईल. फक्त तुम्ही काही करू नका."

विवाहित जीवनातली ही सर्वांत स्पष्ट सूचना होती, आणि मी ती पाळणारही होतो. शेडमधले सडके काड मी त्याच दुपारी बाहेर काढायला घेतले. बायको उंबऱ्यात बसून नव्या पुठ्ठ्यांच्या कडा कापत होती. मी घामाने निथळत तिच्यासमोरून काडाची सातवी टोपली नेली, तेव्हा तिला माझी कीव आली असावी. कारण कित्येक दिवसांनी ती आपणहून मोकळेपणी बोलली.

"हे काय आहे माहीत आहे का तुम्हाला?" तिने हातातला पुठ्ठा माझ्यापुढे धरला. "काडच आहे. तुमचंच. चुन्यात शिजवलं, धुतलं, कुटलं आणि दाबलं. कारखानेवाले कधीपासून करतात. दीड महिना तुम्ही शेडमध्ये पुठ्ठाच करताय. फक्त ओला आणि घाण."

ती हसली. मीही हसलो. टोपली माझ्या हातातच राहिली.

काही वाक्ये ऐकल्यावर माणूस आधीचा राहत नाही. दुसऱ्या दिवशी कार्यालयात मी कीटकनाशकांच्या जाहिरातीचे मुद्रित उलटे धरून वाचत होतो. पुठ्ठा म्हणजे काड. चुन्यात शिजवलेले, धुतलेले, तट ढासळलेले! मी ज्याच्या मागे दोन टेम्पो, एक कुकर आणि एक बूट घालवला, ते तयार होऊन माझ्या घरात पडले होते. नव्या पुठ्ठ्यांना हात लावण्याइतका मी कृतघ्न नव्हतो. पण शेडच्या कोपऱ्यात, ताडपत्रीखाली, बायकोने सुरुवातीलाच सगळ्या जुन्या रजिस्टरांची काढलेली पुठ्ठ्यांची आवरणे रचून ठेवली होती. कोपरे झिजलेले, कसरीने खाल्लेले, फुगलेले. जगात जर काही टाकाऊ असेल, तर ते हेच.

तिला विचारावे, असे मनात आले. पण विचारले असते, तर तिने विचारले असते, की अजून कसले प्रयोग. आणि मग शेड, आणि मग कुकर, आणि मग छत. मी विचारले नाही.

प्रत्येक आवरणाच्या आतल्या बाजूस एक पिवळी पडलेली चिठ्ठी डकवलेली होती: 'या रजिस्टरमध्ये क्रमांकित पृष्ठे दोनशे असून ती मोजून प्रमाणित करण्यात येत आहेत.' खाली सही आणि गोल शिक्का. धंद्याच्या सवयीने मी त्या एकेक करून वाचल्या. एकाही चिठ्ठीत एकही चूक सापडली नाही. जुन्या माणसांच्या त्या नेटकेपणाने माझे मन भरून आले, आणि त्या भरल्या मनाने मी आवरणे फाडून कोमट पाण्यात भिजवली, लगदा केला, शेणात कालवला आणि दोन हप्त्यांत टाकीत सोडला. शनिवारी निम्मा, रविवारी निम्मा.

सोमवारी घुमट हलला. मंगळवारी फोरमनांनी कान लावला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. बुधवारी टाकी अशी तट्ट फुगली होती, की समोरच्या वहिनी गच्चीवरून म्हणाल्या, "भाऊजी, लांब उभे राहा हो." हे नव्या शेणाचे कर्तृत्व होते की पुठ्ठ्यांचे, हे मी आज छातीठोकपणे सांगू शकत नाही. त्या दिवशी मात्र मला कसलीही शंका नव्हती. मी अस्वस्थ होतो, पण ती यशापूर्वीची अस्वस्थता होती. तिच्यात आणि अपयशापूर्वीच्या अस्वस्थतेत आतून काही फरक जाणवत नाही, हे मला नंतर कळले.

आत बायको शिवत होती. दाभण, दोरा, खळ, पाने दाबायचा शिकंजा. तिच्या बोटांना चिरा पडल्या होत्या. बुधवारी संध्याकाळी तिने बासष्टावे रजिस्टर शिकंज्यात घातले आणि पाठ सरळ केली. "झालं," ती म्हणाली. "उद्या सकाळी एवढं शेवटचं काम, की संपलं." कुठले काम, हे मी विचारले नाही. मी तेव्हा मनातल्या मनात भाषण तयार करत होतो.

गुरुवारी अभिलेखपाल साडेदहालाच आले. कृश, वृद्धत्वाकडे झुकलेला, हळू बोलणारा माणूस. आलेला कळलाच नाही. समोर उभा राहिला तेव्हा दिसला. त्यांच्या मागे, कुतूहलापोटी असावे, तो तरुण आरोग्य निरीक्षकही होता. आल्या आल्या त्यांनी बाहीवर कापडी पट्टे चढवले आणि भिंग काढले. टेबलावर बासष्ट रजिस्टरे रांगेने उभी होती. लाल कण्याची, काळ्या कोपऱ्यांची, ताठ. अभिलेखपालांनी एकेक उघडले, कण्यावरून अंगठा फिरवला, पाने सोडून पाहिली. मध्येच एकदा त्यांनी एक रजिस्टर नाकाशी नेले.

"हात चांगला आहे तुमचा, बाई," ते म्हणाले. "असं बांधलेलं हल्ली बघायला मिळत नाही."

माझी बायको लाजली. लग्नाला चौदा वर्षे झाली. ती लाजते कशी, हे मी विसरलो होतो. मला भरून आले. आणि भरून आले, की मी बोलतो, हा माझा दोष आहे.

"साहेब, चहा घ्या," मी म्हणालो. "आमच्या घरच्या ज्योतीवरचा."

परसात फोरमन सज्जच होते. मी काडी ओढली. पहिलीच! निळी, गोल, स्थिर ज्योत उठली, आणि तिच्याभोवती पुन्हा एकदा शांतता पसरली. पण ही निराळी होती, हिला मी पात्र होतो. पाणी उकळले. समोरच्या वहिनींनी गच्चीवरून टाळ्या वाजवल्या. निरीक्षकाने आपला तक्ता काढून ९९ खाली काहीतरी अधोरेखित केले. अभिलेखपालांनी फुंकर घालून चहा चाखला.

"छान," ते म्हणाले. "काय घालता यात?"

"चहात?"

"टाकीत."

"सांगा की हो आता," फोरमन म्हणाले. "मला मेल्यालाही सांगितलं नाही."

मी सांगितले. तटबंदीपासून सांगितले. काड, चुना, वाफ, बुरशी. प्रत्येक अपयशाला मी त्याचे स्थान दिले. "आणि मग लक्षात आलं," मी आवाज खाली आणला, "की पूर्वप्रक्रिया झालेलं काड आपल्या घरातच आहे. पुठ्ठा! जुने पुठ्ठे!"

अभिलेखपालांनी कप खाली ठेवला. "कोणते जुने पुठ्ठे?"

"या रजिस्टरांचेच. जुनी, सडकी आवरणं. टाकाऊ."

त्यांनी दाराकडे पाहिले. दारात बायको उभी होती. तिच्या हातात वाफ काढण्याची लहान किटली आणि एक बोथट सुरी होती. ते शेवटचे काम.

"त्यांवर डकवलेले पानांचे दाखले सोडवून नव्या आवरणांना लावायचे होते," ती म्हणाली. माझ्याशी नव्हे, अभिलेखपालांशी. "साहेब, मी आत्ता तेच करणार होते. मग जुनी आवरणं मोजून तुम्हाला परत. आदेशात लिहिलंय."

"लिहिलंय," ते म्हणाले.

ती शेडमध्ये गेली. ताडपत्री उचलल्याचा आवाज आला. ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा कोरा होता, शिवायच्या आधीच्या कागदासारखा.

"किती टाकले?" तिने मला विचारले.

"होते तेवढे."

फोरमन घुमटाकडे पाहू लागले. निरीक्षक तक्ता बंद करू लागला, पण त्याचा खटका बसेना.

"साहेब, पानं मोजून घ्या ना," मी म्हणालो. "प्रत्येकात दोनशे आहेत. मी स्वतः वाचलंय."

"आज दोनशे भरतील," अभिलेखपाल तितक्याच हळू म्हणाले. "तेव्हा किती होती, हे आता कोण सांगणार? दाखला असला तर ते रजिस्टर. नसला तर ही नुसती पानं. चांगली बांधलेली पानं."

"मग ज्यांनी सह्या केल्या, त्यांच्याकडून पुन्हा..."

"त्यांतले बरेचसे आता याच रजिस्टरांत आहेत. दुसऱ्या भागात. जन्म पहिल्यात असतात." त्यांनी बाहीवरचे पट्टे उतरवले, घडी करून खिशात घातले. रजिस्टरांना त्यांनी पुन्हा हात लावला नाही. बायकोसमोर येऊन ते थांबले. "बाई, मला वर कळवावं लागेल. तीन वाजेपर्यंत मी कार्यालयात आहे." एवढे सांगून ते निरीक्षकाला घेऊन निघून गेले. अर्धा चहा तसाच राहिला.

फोरमनांना घरी काहीतरी काम आठवले. वहिनींच्या गच्चीवर कुणी नव्हते. मी आत गेलो.

"टेबल उचला," बायको म्हणाली.

मी उचलले. त्याच्या तोकड्या पायाखाली ती वाकली आणि एक चपटे, दबलेले आवरण तिने ओढून काढले. सात आठवडे आम्ही ज्या टेबलावर जेवलो नाही, ते स्थिर राहावे म्हणून तिने ते तिथे सरकवले होते. तिने ते उलटे केले, फुंकले, ओच्याने पुसले. पिवळी चिठ्ठी जागेवर होती. सही होती, शिक्का होता. तिने रांगेतून त्याच क्रमांकाचे रजिस्टर शोधले, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ओठ हलवत मोजले, आणि दोन्ही मिळून एका स्वच्छ कापडात गुंडाळले. मग कपाट उघडून दारावरचा आदेश अलगद सोडवला, टोकाला जरा फाटला, आणि तोही त्या कापडात घातला.

"एकावरून बाकीच्यांचा नमुना दाखवता येईल," मी म्हणालो. "नवा दाखला देता येत असेलच. काहीतरी तरतूद असतेच."

ती केस सारखे करत होती.

"शेड मी आजच रिकामी करतो. चुना मारून. म्हणजे भिंतींना."

ती ओसरीवर आली. चपला शोधल्या. मी मागोमाग गेलो. माझ्या हातांना अजून शेणाचा वास होता, म्हणून ते मी मागे धरले होते.

"मी येऊ का बरोबर?" मी विचारले. "चूक माझी आहे, असं मीच सांगतो त्यांना. हवं तर लिहून देतो. तेवढं मला जमतं. येऊ का?"

तिने चपलेचा पट्टा ओढून बसवला, कापडाची गुंडाळी छातीशी धरली, आणि फाटक उघडून ती चालू लागली.